क्रूझच्या प्रवासाची तयारी: मराठवाड्यातून प्रथमच जहाजावर जाणाऱ्या कुटुंबासाठी

लातूरच्या एका भगिनींचा प्रश्न असा आहे: डिसेंबरमध्ये त्या, त्यांचे पती, 6 वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांच्या सासूबाई मुंबईहून निघून लक्षद्वीपपर्यंत जाऊन परतणाऱ्या क्रूझवर जाणार आहेत. घरातील कोणीही यापूर्वी जहाजात पाऊल ठेवलेले नाही. सासूबाई इन्सुलिन घेतात आणि एकादशी पाळतात. सामान किती व कोणते घ्यावे, घरचे खाण्याचे पदार्थ नेता येतील का, बोट लागली तर काय करावे आणि पुढे कधी सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर जायचे झाल्यास तयारीत काय बदलावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मराठवाड्यातील कुटुंबांना क्रूझवर पाठवण्याचे आणि त्यांच्यासोबत जाण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि या प्रश्नांमागची काळजी मला चांगली परिचयाची आहे. बहुतेक मंडळी लग्नाला किंवा तीर्थयात्रेला जाताना भरावी तशी बॅग भरतात, आणि तेथेच गडबड होते. जहाज ही चहूबाजूंनी पाणी असलेली, सतत दमट, थोडीफार हलणारी आणि आगीला सर्वाधिक भिणारी जागा आहे. तेथे विसरलेली वस्तू आणायला बाजार नाही आणि मोठा दवाखाना किनाऱ्यावरच असतो. काय घ्यावे, काय टाळावे आणि कोणती वस्तू कोणत्या पिशवीत ठेवावी, हे सर्व याच गोष्टींवरून ठरते.

सर्वांत आधी कागदपत्रे. देशांतर्गत क्रूझसाठी पासपोर्टची सक्ती सहसा नसते, परंतु प्रत्येक प्रवाशाचे सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात सोबत हवे. झेरॉक्स किंवा मोबाइलमधील छायाचित्र यावर विसंबू नये. आपल्याकडे नेहमी अडते ते नावावर. आधार कार्डावर माहेरचे नाव, तिकिटावर सासरचे, कोठे पतीचे नाव मध्ये घातलेले तर कोठे गाळलेले, अशी स्थिती असल्यास तिकीट काढतानाच ओळखपत्र समोर ठेवून त्यावरील नाव अक्षरशः तसेच लिहावे. मुलाचे आधार कार्ड घ्यावेच, शिवाय जन्माच्या दाखल्याची प्रतही असू द्यावी. लक्षद्वीपमध्ये बाहेरील भारतीय नागरिकांनाही प्रवेशपरवाना लागतो. क्रूझ कंपनी बहुधा तो स्वतः काढून घेते, पण त्यासाठी आपली माहिती व ओळखपत्रे तिने सांगितलेल्या मुदतीत पाठवावी लागतात. वेब चेक-इनही घरूनच उरकावे आणि बोर्डिंग पासच्या दोन छापील प्रती जवळ ठेवाव्यात.

मुंबईला शक्यतो एक दिवस आधी पोहोचावे, असा माझा आग्रह आहे. लातूरची रात्रीची गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे या मार्गाने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर येते, आणि तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर आहे. त्यामुळे त्याच दिवशी पोहोचून दुपारी जहाजावर चढणे कागदावर सोपे दिसते. नांदेड, परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी वा नंदीग्रामने मनमाडमार्गे येणाऱ्यांचाही हिशेब असाच असतो. परंतु गाडीला चार-पाच तास उशीर झाला, तर जहाज थांबत नाही, आणि तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. वयस्कर माणूस सोबत असताना रात्रभराच्या प्रवासानंतर थेट टर्मिनलच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा एक रात्र मुंबईत विसावा घेणे केव्हाही चांगले. ते जमत नसेल, तर निदान जहाजावर चढण्याची मुदत केव्हा संपते ते पाहून गाडी निवडावी.

आता सामानाच्या वाटणीकडे येऊ, कारण क्रूझच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. टर्मिनलवर आपल्या मोठ्या बॅगा हमाल घेतात, त्या तपासणी यंत्रातून जातात आणि नंतर केबिनच्या दारात येतात. यात काही तास जातात, आणि कधी संध्याकाळही होते. या काळात आपल्याजवळ फक्त हातातील पिशवी असते. म्हणून आधी हातातील पिशवी भरावी आणि उरलेले सामान मोठ्या बॅगेत घालावे. या पिशवीत सर्व कागदपत्रे, सर्व औषधे, चष्मा, दागिने, पैसे, मोबाइल, चार्जर व पॉवर बँक, मुलाचा एक कपड्यांचा जोड व पोहण्याचा पोशाख आणि सासूबाईंची शाल एवढे असलेच पाहिजे. माझ्यासोबत आलेल्या एका गटातील आजोबांची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत राहिली होती, आणि ती बॅग चुकून दुसऱ्या मजल्यावर गेल्यामुळे रात्री उशिरापर्यंत सापडली नाही. गोळी अगदी साधी होती, पण त्या काही तासांत सारे घर घाबरून गेले. मोठ्या बॅगांना लावण्याचे टॅग कंपनी पाठवते. ते घरीच छापून, पारदर्शक चिकटपट्टीने पूर्ण झाकून, हँडलला घट्ट स्टेपल करावेत. त्याखेरीज नाव, केबिन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक लिहिलेला एक कागद बॅगेच्या आतही ठेवावा. सगळ्या बॅगा काळ्या असतात, म्हणून हँडलला एखादी रंगीत फीत बांधली की ओळखायला सोपे जाते.

सासूबाईंच्या औषधांविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान तीन-चार दिवसांची अधिक घ्यावीत आणि ती मूळ पाकिटातच असावीत; गोळ्या पाकिटातून काढून डबीत टाकण्याची आपल्याकडील सवय प्रवासात धोक्याची ठरते, कारण ऐनवेळी जहाजावरील डॉक्टरांना ती गोळी कोणती हे कळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि तीवर औषधांची मूळ (जेनेरिक) नावे व मात्रा स्पष्ट लिहून घ्यावी. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, मात्र ऊन व उष्णता यांपासून ते जपावे लागते. केबिनमधील लहान फ्रिज पुष्कळदा नीट थंड होत नाही, तर कधी मागील बाजूस इतका थंड होतो की इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. म्हणून थंड राहणारी इन्सुलिनची पिशवी सोबत घ्यावी आणि जादा साठा जहाजावरील वैद्यकीय कक्षात ठेवता येईल का, हे चढल्याबरोबर विचारावे. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या टोपलीत टाकू नयेत. केबिन कर्मचाऱ्याकडे मागितल्यास त्यासाठी वेगळा डबा मिळतो. साखर तपासण्याचे यंत्र, पट्ट्या, राखीव सेल आणि ग्लुकोजची पावडर या वस्तू हातातील पिशवीत असाव्यात.

बोट लागण्याचा प्रश्न येथेच घेतो, कारण मधुमेहाशी त्याचा थेट संबंध आहे. घाटात गाडी लागते तशीच बोट लागते: कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, पण बंद केबिनमध्ये डोळ्यांना सारे स्थिर दिसते, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. आपला प्रवास डिसेंबरमध्ये आहे, त्या दिवसांत अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानाने बराच शांत असतो आणि मोठ्या जहाजांना हालचाल कमी करणारे पंखही असतात, त्यामुळे बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. तरीही केबिन निवडण्याची सोय असल्यास जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरील घ्यावी, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यांवर झोके अधिक जाणवतात. अस्वस्थ वाटू लागताच मोबाइल किंवा पुस्तक बाजूला ठेवून डेकवर जावे आणि दूर क्षितिजाकडे पाहत राहावे. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक यांनी काहींना बरे वाटते. ॲव्होमिनसारख्या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर फारशा उपयोगी पडत नाहीत, त्या आधीच घ्याव्या लागतात. त्यांनी झोप व गुंगी येते, आणि काचबिंदू, लघवीचा त्रास किंवा पडण्याचा धोका असलेल्या ज्येष्ठांना त्या योग्य नसतात. त्यामुळे सासूबाईंसाठी आणि मुलासाठी कोणती गोळी, किती व केव्हा द्यावी हे लातूरमध्येच आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्याच भेटीत आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी: उलट्या होऊन जेवण गेले नाही, तर त्या वेळचे इन्सुलिन किती घ्यायचे? इन्सुलिन टोचले आणि पोटात काही राहिले नाही, तर रक्तातील साखर एकाएकी खाली येऊ शकते, आणि समुद्रात असताना हा निर्णय घाईने घेण्याची वेळ येऊ नये.

कपड्यांबाबत मराठवाड्यातील माणसांची हमखास होणारी चूक म्हणजे, धुऊन वाळवू अशा हिशेबाने थोडे कपडे घेणे. डिसेंबरमध्ये लातूरच्या कोरड्या हवेत सकाळी वाळत घातलेला कपडा दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. समुद्रावरच्या दमट हवेत, त्यातून केबिनच्या बंद न्हाणीघरात, तोच कपडा दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो आणि त्याला वास येऊ लागतो. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालण्यास मनाई असते, कारण ते वाऱ्याने उडतात आणि आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे ठरतात. लाँड्रीची सोय असते, पण तिचे पैसे नगावर घेतात. म्हणून दररोजचा एक जोड आणि वर दोन जादा जोड असे धरावे. सुती कपडे चांगले असले तरी जाड जीन्सपेक्षा पातळ सुती किंवा सुती-मिश्र कपडे बरे, कारण ते भिजले तरी लवकर सुकतात आणि जागाही कमी घेतात. याच्या उलट, आतील वातानुकूलन इतके कडक असते की जेवणाच्या दालनात व नाट्यगृहात तास-दोन तास बसल्यावर हुडहुडी भरते. प्रत्येकासाठी एक हलका स्वेटर किंवा शाल घ्यावी. पांघरुणे मात्र नेऊ नयेत, कारण ती केबिनमध्ये मिळतात.

पैठणी न्यावी का, असे बहुतेक भगिनी विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: ठेवणीतील पैठणी घरीच राहू द्यावी. जरीला खारट, दमट हवा मानवत नाही आणि डेकवरच्या वाऱ्यात जड पदर सांभाळता सांभाळता संध्याकाळ निघून जाते. जहाजावर एखाद्या रात्री जेवणाला औपचारिक पोशाख घालण्याची प्रथा असते; तेव्हा एक हलकी रेशमी साडी पूर्णपणे शोभते. त्या रात्री कोट-टायची किंवा लांब गाऊनची अपेक्षा आहे असे समजून कोणी संकोच करू नये; साडी, तसेच पुरुषांचा बंद गळ्याचा कोट किंवा नेहरू शर्ट, हे पोशाख आदरानेच पाहिले जातात. सासूबाई नऊवारी इरकल नेसत असतील, तर तीच नेसू द्यावी. काळजी पायातल्या वहाणांची घ्यावी. डेक ओला असतो, न्हाणीघराच्या आणि डेकच्या दारांना उंच उंबरठे असतात, आणि जहाज किंचित हलले तरी गुळगुळीत तळव्याची चप्पल निसटते. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या सँडल सर्वांसाठी घ्याव्यात आणि त्या निघण्यापूर्वी काही दिवस घरी वापरून पाहाव्यात.

पोहण्याच्या तलावात नायलॉन किंवा लायक्राचा पोशाखच चालतो; सुती कपडे, सलवार किंवा बनियन घालून उतरू देत नाहीत. मुंबईत ऐनवेळी शोधाशोध करण्यापेक्षा आपला व मुलाचा पोशाख लातूरमध्येच घ्यावा. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोशाखही मिळतात, तेव्हा संकोचापायी मुलासोबत पाण्यात उतरण्याचा आनंद सोडू नये.

आता बंदी असलेल्या वस्तूंविषयी. समुद्रात जहाजाला आग लागल्यास अग्निशमन दलाची गाडी येऊ शकत नाही, म्हणून इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवण्याचा रॉड, मेणबत्ती, आणि आपल्या पूजेतील उदबत्ती, कापूर व निरांजन या सर्व गोष्टी तपासणीत काढून घेतल्या जातात. देवाची लहान तसबीर किंवा मूर्ती, जपमाळ व पोथी न्यायला कोणतीच अडचण नाही, त्यामुळे सासूबाईंची नित्याची पूजा ज्योत न लावता होऊ शकते. हे त्यांना आधीच समजावून सांगावे, म्हणजे तपासणीच्या रांगेत त्यांच्या मनाला लागणार नाही. सुरी, मोठी कात्री, आणि ज्येष्ठांच्या पानाच्या चंचीत असणारा अडकित्ता हेही घरी ठेवावे. सुपारी कातरून नेली की प्रश्न मिटतो. मद्य बाहेरून नेता येत नाही, आणि सिगारेट ठरवून दिलेल्या जागीच ओढता येते.

घरचे खाणे हा आपल्याकडील जिव्हाळ्याचा विषय आहे. घरी शिजवलेले पदार्थ जहाजावर नेण्यास कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आहाराला तेवढी सवलत असते. यामागे कोणाच्या हाताच्या चवीचा अनादर नसतो. बंद जागेत हजारो माणसे एकत्र राहत असताना एका डब्यातील बिघडलेल्या पदार्थामुळे पसरलेला पोटाचा विकार आवरणे फार कठीण जाते. त्यामुळे दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेच्या प्रवासापुरती बांधावी आणि टर्मिनलवर पोहोचण्याआधी संपवावी. लोणच्याची बरणी मुळीच नेऊ नये. दाब पडून तिचे तेल बॅगेत पाझरले की सगळे कपडे वाया जातात. कारखान्यात सीलबंद केलेली बिस्किटे, खाकरा, मखाणे यांसारखे कोरडे पदार्थ बहुतेक वेळा चालतात, तरी आपल्या कंपनीचा नियम तिकिटासोबतच्या सूचनांत वाचून घ्यावा. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी व जैन जेवण मुबलक असते, त्यामुळे उपाशी राहण्याची भीती अनाठायी आहे. भाकरी रोज मिळेल अशी अपेक्षा तेवढी धरू नये.

एकादशी आपल्या तारखांत येते का, हे पंचांगात पाहावे. येत असल्यास आरक्षणाच्या वेळी कळवावे आणि पहिल्याच दिवशी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला पुन्हा सांगावे. दूध, दही, फळे, उकडलेले बटाटे एवढे तरी निश्चित मिळते. घरून राजगिऱ्याचे लाडू व खजूर नेण्याकडे कल असतो, पण मधुमेह्यासाठी ते योग्य नाहीत, सीलबंद पाकिटातील भाजलेले मखाणे व शेंगदाणे बरे. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने प्रवासात उपवास करावा का, हा निर्णय मात्र डॉक्टरांचा आहे, आणि मला विचाराल तर या एका एकादशीस सासूबाईंनी केवळ नामस्मरणावर समाधान मानावे.

पाण्याविषयी लातूरकरांनी विचारणे साहजिकच आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना थेंबाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मोठी जहाजे समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने किंवा अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळून गोडे करतात, त्याची नियमित तपासणी होते आणि ते पिण्यास सुरक्षित असते. त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांचे खोके नेण्याची गरज नाही. प्रत्येकी एक रिकामी बाटली पुरते.

न्हाणीघराबाबत थोडे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण याविषयी कोणी आधी बोलत नाही आणि ज्येष्ठांची पंचाईत होते. न्हाणीघर अगदी लहान असते, त्यात बादली नसते आणि संडासात जेट स्प्रे असेलच असे नाही. एक हलका प्लास्टिकचा तांब्या किंवा घडी होणारा मग बॅगेत टाकावा. जहाजावरील संडास हवेच्या दाबाने ओढून घेणारे असतात. त्यात टॉयलेट पेपरखेरीज ओले रुमाल, सॅनिटरी पॅड, उरलेले अन्न यांपैकी काहीही टाकल्यास केवळ आपला नव्हे, तर ओळीतील अनेक केबिनचा संडास बंद पडतो. हात साबणाने व पाण्याने धुण्याची शिस्त जहाजावर काटेकोर पाळावी. उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा परिणाम करत नाही, त्यामुळे जेवणाच्या दालनाबाहेर सॅनिटायझर ठेवलेले असले तरी साबण टाळू नये.

केबिनही लहान असते. साधारण दीडशे चौरस फुटांच्या आसपासची खोली आणि तीत चार माणसे, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे. मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्या लागतात, म्हणून कडक कवचाच्या दोन प्रचंड बॅगांऐवजी मध्यम आकाराच्या, मऊ कापडी बॅगा घ्याव्यात. चौघांसाठी अशा दोन बॅगा आणि दोघा मोठ्यांच्या खांद्यावर एकेक पिशवी, एवढे सामान पाच दिवसांना पुरून उरते. भिंती बहुतेक ठिकाणी पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे दोन-चार हुक नेल्यास टोप्या, पिशव्या व ओळखपत्रांच्या दोऱ्या अडकवायला जागा होते.

वीज व मोबाइलबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. जहाजावरील सॉकेट अनेकदा अमेरिकी चपट्या पिनांचे किंवा युरोपीय गोल पिनांचे असतात आणि आपली तीन पिनांची जाड प्लग त्यांत बसत नाही; म्हणून एक सार्वत्रिक ॲडॅप्टर आणि अनेक यूएसबी तोंडांचा एक चार्जर घ्यावा, लांब वायरचे एक्स्टेंशन बोर्ड मात्र नेऊ नये. किनारा दूर गेल्यावर मोबाइल आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊ शकतो आणि त्याचे बिल फार मोठे येते, म्हणून जहाज सुटण्यापूर्वीच फोन फ्लाइट मोडवर टाकावा. तिकिटे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मुलाची गाणी-गोष्टी आधीच डाउनलोड करून घ्याव्यात. नेटवर्क नसले की यूपीआयही चालत नाही. जहाजावरील खर्च केबिनच्या कार्डावर लिहिला जाऊन शेवटी एकत्र चुकता होतो, पण लक्षद्वीपच्या बेटांवर शहाळे किंवा एखादी लहान वस्तू घ्यायची झाल्यास सुट्या नोटा जवळ असाव्यात.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत, म्हणजे आणीबाणीत काय करावे याचा सराव होतो, त्याला दांडी मारू नये. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडले आणि 32 माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि प्रवासी चढल्यावर जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच कवायत घेणे बंधनकारक झाले. आपले एकत्र जमण्याचे ठिकाण कोणते, तेथे जाणारा जिना कोणता, हे सासूबाईंना चालवत नेऊन दाखवावे, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट केबिनमध्ये आहे का ते पाहावे आणि नसल्यास लगेच मागून घ्यावे. डेकचे दरवाजे जड असतात आणि वाऱ्याने जोरात आपटतात, तेव्हा मुलाची बोटे चौकटीत जाणार नाहीत याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावे.

लक्षद्वीपला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवासी लहान बोटींतून बेटावर जातात. या बोटीत उतरताना ती वर-खाली होत असते आणि पाऊल अचूक टाकावे लागते. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपेल का, याचा निर्णय त्या दिवशी समुद्र पाहून घ्यावा, आणि जरा जरी शंका वाटली तर त्यांना जहाजावरच थांबू द्यावे. डेकवरून दिसणारे निळे-हिरवे पाणी त्यांनाही तेवढेच सुख देईल. जहाजावरील व्हीलचेअर सहसा आणीबाणीसाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यामुळे टर्मिनलवर चढण्या-उतरण्यासाठी हवी असल्यास आरक्षणाच्या वेळीच मागावी. बेटाच्या दिवसासाठी टोपी, गॉगल, सनस्क्रीन, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि प्रत्येकी एक जोड कपडे वेगळे काढावेत. वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलाने उचलला तर तो तेथेच ठेवायला सांगावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे आणि ते घेऊन येणे हा गुन्हा आहे. समुद्राची स्थिती ठीक नसल्यास कप्तान बेटावर उतरणे रद्द करतो. वाईट वाटते, परंतु त्याचा निर्णय आपल्या जिवासाठीच असतो.

पुढे सिंगापूरहून जाताना पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. जहाज सिंगापूर सोडून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत येते, म्हणजे सिंगापूरमध्ये आपला प्रवेश दोनदा होतो. त्यामुळे व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावे. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेशासाठीचा ऑनलाइन अर्ज, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. सिंगापूरमध्ये मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगवेगळी क्रूझ टर्मिनल आहेत, तेव्हा तिकिटावरील नाव टॅक्सीवाल्याला दाखवावे. खाण्याची तंबाखू, गुटखा, मिश्री, ई-सिगारेट आणि च्युइंग गम तेथे नेण्यास मनाई आहे. खसखसही तेथे अमली पदार्थांच्या यादीत धरली जाते आणि आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात ती बऱ्याचदा असते, म्हणून घरचा मसाला बॅगेत घालूच नये. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे व ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांना आधी परवानगी लागू शकते. सामानाचे वजन त्या प्रवासात जहाज नव्हे, तर विमान कंपनी ठरवते, आणि पॉवर बँक विमानात हातातील पिशवीतच ठेवावी लागते. वैद्यकीय उपचार आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा प्रवासविमा परदेशी क्रूझसाठी अवश्य काढावा.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या थेट टर्मिनलवर मिळतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, चपला, दात घासण्याचे साहित्य आणि औषधे बाहेर काढल्याशिवाय बॅगेची चेन लावू नये. खर्चाचे बिल त्याच रात्री वाचून पाहावे. चूक असेल तर सकाळच्या रांगेत ती दुरुस्त करून घेणे अवघड जाते. सेवाशुल्क तिकिटात धरले आहे की वेगळे द्यायचे आहे, तेही तेव्हाच कळते. उतरण्याची वेळ सकाळची असली तरी प्रत्यक्षात बाहेर पडेपर्यंत दुपार होऊ शकते, म्हणून परतीचे तिकीट रात्रीच्या गाडीचेच काढावे. केबिन सोडताना फ्रिजमधील किंवा वैद्यकीय कक्षात ठेवलेले इन्सुलिन, सॉकेटमधील ॲडॅप्टर आणि तिजोरीतील दागिने व ओळखपत्रे या तीन जागा कोणी एकानेच, हातात यादी घेऊन, शेवटी तपासाव्यात.